काळजीवरचे औषध शोधताना

भगिनींनो, महिला मंडळाच्या बैठकीत आपण रेशनकार्डाविषयी बोलतो, शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी बोलतो, दारूबंदीविषयी तर तावातावाने बोलतो. पण बैठक संपली, सतरंजी घडी करायला दोघी-तिघीच उरल्या, की हळूच एक वाक्य कानावर येते. "ताई, मना जीव घाबरस." कशासाठी ते सांगता येत नाही. पोरगा शाळेतून येईपर्यंत छातीत धडधड, मालकाला कामावरून यायला उशीर झाला की पोटात गोळा, रात्री दोन वाजता जाग. देवपूर असो, साक्री रोड असो की मोहाडी, जिथे जिथे बैठका घेतल्या तिथे हे मी ऐकले आहे. आणि दरवेळी त्या बाईला मी एकच उत्तर देत आले, "जास्त विचार करू नका." हे उत्तर किती बिनकामाचे आहे, ते स्वतःवर पाळी आली तेव्हा कळले.

मी लिपिक आहे. आवक-जावक नोंदवही, बिले, हजेरीपत्रक यांत वीस वर्षे गेली. घरी सासूबाई, आमचे हे आणि दोन मुले. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी नाही असे घर. पण मुलगी बारावीला गेली आणि संध्याकाळच्या क्लासला स्कूटीवर जाऊ लागली, तेव्हापासून माझे बिनसले. क्लास साडेसातला सुटे. सात चाळीसला मी गॅलरीत. पावणेआठला पहिला फोन. गाडी चालवणारी मुलगी फोन उचलणार कसा, हे कळत असूनही दुसरा, मग तिसरा. तोपर्यंत डोळ्यांसमोर आग्रा रोडवरचा ट्रक, रस्त्यात पडलेली स्कूटी, सिव्हिलचा स्ट्रेचर असे सगळे येऊन गेलेले असे. आठला पाच कमी असताना ती जिना चढून येई आणि मी तिच्यावर ओरडे. रोज. एक दिवस खाडा नाही.

मग हे पसरत गेले. गॅसचे बटण तीनदा बघायचे. ऑफिसात एक पत्र चार वेळा वाचायचे, तरी पाकीट बंद केल्यावर वाटायचे की दुसऱ्याच कार्यालयाचा पत्ता घातला. मुलाला साधा ताप आला की डेंग्यू. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते, तिथे आमच्या मंडळाकडे पाणीवाटप असते. त्या वर्षी मुलगा दहा मिनिटे दिसला नाही, तर हातातला जग टाकून मी गर्दीतून पळत सुटले. मुलगा मित्रांबरोबर पुस्तकांच्या दुकानावर उभा होता. मला दरदरून घाम, हातपाय गार, श्वास पुरेना. बायकांनी सावलीत बसवून पाणी पाजले. सासूबाई जवळ बसून विचारत होत्या, "काय व्हयनं तुले?" मला सांगता येत नव्हते.

उपचाराच्या नावाखाली पुढचे आठ महिने जे झाले ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण बहुतेक भगिनी याच रस्त्याने जातात.

पहिला मुक्काम ताकदीचे इंजेक्शन. जवळच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावले, वर लाल रंगाचे इंजेक्शन. दोन दिवस बरे वाटले. दुसरा मुक्काम हृदयाची पट्टी. ई.सी.जी. चांगला आला, तेव्हा "तुम्हाला काहीच झालेले नाही" असे सांगून बोळवण झाली. काही झाले नाही हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण मला रडू आले. मग मला जे होत होते ते काय होते? तिसरा मुक्काम झोपेची गोळी.

ही गोळी इवलीशी असते. अर्धी घेतली तरी पहिल्या रात्री अशी झोप लागली की सकाळी वाटले, जिंकलो. छाती शांत, डोके शांत. पण दोन महिन्यांत अर्धीची एक झाली आणि चौथ्या महिन्यात एकीच्या दोन. कोणी वाढवून दिली नव्हती, मीच वाढवली. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार देत असे. अमळनेरला एका लग्नाला गेले तेव्हा गोळ्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात असे थरथरू लागले की अक्षता टाकता येईनात. भीती पहिल्यापेक्षा दुप्पट.

आता जे समजले ते सांगते. अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या भीती तासाभरात दाबतात हे खरे. म्हणूनच त्या आवडतात. पण भीती जिथून येते तिथे त्यांचा काही इलाज चालत नाही, आणि काही आठवडे रोज घेतल्या की शरीराला त्यांची सवय लागते. मग तेवढ्याच गुणासाठी जास्त लागतात. एकदम बंद केल्या तर थरथर, निद्रानाश आणि काही जणांना झटकेसुद्धा येऊ शकतात. थोड्या दिवसांपुरत्या, डॉक्टरांच्या नजरेखाली, त्यांचा उपयोग आहे. वर्षभर पर्समध्ये ठेवण्याची ती वस्तू नव्हे. मार्च २०१४ पासून यातल्या अनेक गोळ्या एच-१ या यादीत आहेत. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच द्यायच्या, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध, नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा नियम आहे. रजिस्टर लिहिण्यात जन्म गेलेल्या मला हा नियम ठाऊक नसावा, याची लाज वाटली.

सल्ले तर फुकट मिळतच होते. एकीने सांगितले, बाहेरचे आहे, उतारा टाका. एवढी वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे करून मी रात्री क्षणभर विचार केला की टाकून पाहावा का! माणूस घाबरला की कुठेही हात घालतो, म्हणून अशा बाईला मी आता हसत नाही. दुसरीने सांगितले, इगतपुरीला दहा दिवस जाऊन या, सगळे जाईल. त्याविषयी पुढे.

खरा घाव मात्र घरातच बसला. मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला पुण्यात जागा लागली. आमच्या दोन्ही घरांत या शिक्षणाला लागलेली ही पहिली मुलगी. आणि मी म्हणाले, "पुण्याला नको. धुळ्यातच काहीतरी कर." हे गप्प राहिले. सासूबाई गप्प राहिल्या. मुलगी म्हणाली, "आई, बैठकीत तू दुसऱ्यांच्या पोरींना पुण्याला पाठवा म्हणतेस." एवढे बोलून ती आत गेली. प्रवेश घ्यायला चार दिवस उरले होते. त्या रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात बसून १४४१६ हा क्रमांक फिरवला.

हा टेली-मानस सेवेचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ या जागतिक मानसिक आरोग्य दिनी केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पलीकडे एक मुलगीच होती, आवाजावरून पंचविशीतली. तिने उपदेश केला नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटले, काळजी थांबवता येते का, निवांत बसता येते का, काहीतरी भयंकर घडेल असे वाटते का, असे सात प्रश्न विचारले. ही सात प्रश्नांची चाचणी २००६ पासून जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज एकवीसपर्यंत. दहाच्या पुढे गेले तर डॉक्टरांना दाखवावे. माझे सोळा झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीला आकडा मिळाला, आणि का कोण जाणे, आकडा ऐकून बरे वाटले. "ताई, हा आजार आहे. याला औषध आहे आणि बोलण्याचा उपचारही आहे. उद्याच सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात जा," असे ती म्हणाली.

मानसोपचार म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येरवडा नाहीतर ठाणे येते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालये. भिंत आणि फाटक. पण काळजीच्या आजाराला तिथे कोणी ठेवून घेत नाही. केसपेपर काढायचा, दाखवायचे आणि घरी येऊन भाकरी टाकायची, एवढेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला, तो अशा आजारांवर घराजवळ उपचार मिळावेत म्हणूनच. आपल्या धुळ्यात चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याच्या भगिनींनी आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारावे. तेथून चिठ्ठी घेऊन पुढे जाता येते.

डॉक्टरांनी, त्याही बाईच होत्या, आधी रक्त तपासायला पाठवले. मी म्हटले, डोक्याच्या आजाराला रक्त कशाला? तर थायरॉइड जास्त झाले की छाती धडधडते, रक्त कमी असले तरी धडधडते आणि दम लागतो. माझे हिमोग्लोबिन ८.९ निघाले. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, बायका रक्तक्षयाच्या निघाल्या आहेत. म्हणजे आपल्यातली दर दुसरी बाई भीतीचे अर्धे सामान अंगातच घेऊन फिरते. दिवसाला सहा कप चहा हेही त्यात तेल ओततच होते. तो दोनवर आणायला सांगितला. खानदेशी घरात हे औषधाहून कडू.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण बाईंनी स्पष्ट सांगितले की रक्त वाढल्याने सगळे जाणार नाही. काळजी महिनोन्महिने, बहुतेक दिवशी, एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उड्या मारत राहते, आवरता येत नाही, आणि तिच्यापायी झोप, काम, घर बिघडते, तेव्हा तो स्वभाव उरत नाही, आजार होतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो साधारण दुप्पट होतो.

त्यावर दोन वाटा आहेत. एक गोळ्यांची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या जातीच्या गोळ्या झोपेच्या नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि इथेच बहुतेक बायका फसतात. कारण पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ होते, कधी भीती थोडी वाढते. मी सहाव्या दिवशी गोळी थांबवणार होते. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावून दिला, म्हणून वाचले. बाई म्हणाल्या, "अर्धी करा, पण बंद करू नका. दहा दिवसांनी मला सांगा." अकराव्या दिवशी मळमळ गेली. पाचव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आले की आठला दहा कमी आहेत आणि मी गॅलरीत नसून कणीक मळते आहे. बरे वाटल्यावरही ही गोळी सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागते. झोपेच्या गोळीसारखी हिची हाव सुटत नाही. माझी झोपेची गोळीही बाईंनी एकदम तोडली नाही. पाव-पाव करत अडीच महिन्यांत सोडवली. ही नावे मी माहितीसाठी लिहिली आहेत. कृपा करून चिठ्ठीशिवाय दुकानात मागू नयेत.

दुसरी वाट बोलण्याची. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, बोलण्यातून आणि अभ्यास देऊन उपचार करतो. त्यांची आर.सी.आय. म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. मला वाटले होते, बोलणे म्हणजे धीर देणे. धीर तर सगळेच देत होते! प्रत्यक्षात आठवड्याला एक तास, असे बारा आठवडे मला कामच दिले गेले.

पहिले काम वहीचे. पानावर तीन रकाने. तारीख, काय होईल अशी भीती, आणि प्रत्यक्षात काय झाले. रकाने पाहून मी हसले, ही तर माझीच आवक-जावक. महिनाभर इमाने लिहिली. एकूण एकसष्ट भीती आवक झाल्या. खऱ्या किती? पाच. त्यातल्या तीन म्हणजे पाहुणे अचानक येणे, बिल परत येणे आणि दूध नासणे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठात अशाच आजाराच्या २९ रुग्णांकडून काळज्या लिहवून घेऊन त्या महिनाभर तपासल्या. २०२० साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या एक्क्याण्णव काळज्या खोट्या ठरल्या, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याने रुग्णांना गुणही आला. कुठे ते विद्यापीठ आणि कुठे आमचे धुळे, पण वहीचा हिशेब जवळपास सारखा.

दुसरे काम त्याहून अवघड. फोन न करणे. भीती वाटली की आपण फोन करतो, पोर "पोहोचले" म्हणते, पाच मिनिटे बरे वाटते. त्या पाच मिनिटांच्या सुखासाठी मन पुढच्या वेळी अधिक जोरात ओरडते. गॅसचे बटण परत परत पाहण्याचेही तेच. म्हणून फोन एकच, आणि ठरलेल्या वेळी. पहिल्या दिवशी मी पदराचे टोक चावत बसले होते. भीती चढते, शिगेला जाते आणि आपण काही केले नाही तरी अर्ध्या-पाऊण तासात उतरू लागते, हे मला सांगितले होते. खरेच उतरली. तिसरे, काळजीला वेळ बांधून द्यायची. संध्याकाळी सहा ते सव्वासहा. एरवी आली तर वहीत टाचण करून "सहाला ये" म्हणायचे. हे ऐकायला पोरकट वाटते, मलाही वाटले होते.

पण एक गोष्ट मी त्या मानसशास्त्रज्ञ बाईंशी भांडले. म्हटले, तुमच्या वहीत सगळ्या काळज्या सारख्या. आमच्या तशा नाहीत. शेजारच्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईला नायर रुग्णालयात पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून वरिष्ठांनी छळले अशी तक्रार घरच्यांनी केली, प्रकरण कोर्टात गेले. त्याच वर्षी तिच्या आई आणि रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून उच्च शिक्षणातल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुलीला वसतिगृहावर पाठवताना आमच्या आयांच्या पोटात जो गोळा येतो, तो नुसता आजार म्हणून कसा चालेल? बाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ही काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिचं काम होतं का ते पाहू. काम होत असेल तर करा. होत नसेल तर ती रात्री दोनला येऊन काय करते?" मग आम्ही दोघींनी मिळून यादी केली. वसतिगृहाच्या रेक्टरना आधी भेटणे. कॉलेजात तक्रार कोणाकडे करायची ते नाव लिहून घेणे. रॅगिंगविरोधी तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-५५२२ मुलीच्या फोनमध्ये आणि माझ्या वहीत. पुण्यातल्या आपल्या माणसांपैकी दोन घरे. मुलीला हे ठामपणे सांगणे की छळ झाला तर शिक्षण सोडून आलीस तरी या घराचे दार उघडे आहे. यादी पाच ओळींची झाली. बाकीची काळजी त्या पाच ओळींच्या बाहेरची होती, आणि खरे सांगायचे तर तीच जास्त होती.

आता कोणी म्हणेल, ताई, तुम्हाला नोकरी, तुमचे ऐकणारे मालक, आमच्या गावात मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली, त्यात चिंता आणि उदासीनतेच्या साध्या आजारांचे शंभरातले सुमारे पंच्याऐंशी रुग्ण उपचाराविना आढळले. यावर आपल्या शेजारच्या गोव्यात जे करून दाखवले ते प्रत्येक आरोग्य कार्यकर्तीने वाचावे असे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या 'संगत' या संस्थेने २००७ ते २००९ या काळात 'मानस' नावाचा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे, बारा खासगी दवाखाने, २,७९६ रुग्ण. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना साधारण दोन महिन्यांचे शिक्षण देऊन सल्लागार नेमले. उपचार पायरीपायरीने. पहिल्या पायरीला आजार समजावून सांगणे, श्वासाचा सराव, झोपेची शिस्त. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टरांची गोळी किंवा सविस्तर समुपदेशन. अगदीच अवघड असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी केंद्रांत ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यातले बरे होणारे नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे जास्त निघाले. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथे दोन्हीकडचे रुग्ण चांगलेच सुधारले. एकच डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो आणि ऐकून घेतो, याचाही त्यात वाटा असावा असे अभ्यासकांना वाटले. म्हणून माझे सांगणे, दर महिन्याला दवाखाना बदलू नका. मी आठ महिन्यांत चार बदलले होते.

गोव्यातलाच आणखी एक अभ्यास. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन बायका येतात, त्यांच्यात जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण आणि घरातला जाच यांचे नाते जास्त घट्ट आढळले. हा अभ्यास २००५ साली छापून आला. तपासणी करायचीच, जंतू असतील तर औषध घ्यायचेच. पण तपासणीत काही निघाले नाही म्हणजे बाई खोटे बोलते असे नव्हे.

नव्या बाळंतिणींसाठी दोन शब्द. म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या २५२ मातांना सहा ते आठ आठवड्यांनी तपासले तेव्हा ५९ जणींना, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याला, उदासीनतेचा आजार होता. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाली म्हणून नाराजी ही त्यामागची कारणे निघाली. उदासीनता आणि काळजी बहुधा हातात हात घालूनच येतात. बाळ श्वास घेते की नाही हे रात्रभर उठून बघणारी सून दिसली तर तिला नाटकी म्हणू नका. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतील अशा गोळ्या आहेत, डॉक्टरांना दूध पाजते हे आधी सांगावे. आणि बाळंतीण असो वा दुसरी कोणी, जगू नये असे वाटत असेल, बाळाला काही करीन अशी भीती वाटत असेल, कानात आवाज येत असतील, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना.

विपश्यनेविषयी विचारणाऱ्या भगिनी पुष्कळ. रोज पंधरा मिनिटे शांत बसून श्वास पाहण्याचा मला उपयोग झाला आहे, तो मी नाकारणार नाही. पण दहा दिवसांचे मौनाचे शिबिर ही वेगळी गोष्ट आहे. विपश्यना औषधोपचाराची किंवा मानसोपचाराची जागा घेत नाही, असे शिबिराच्या नियमावलीतच लिहिलेले असते, आणि गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना शिबिर करू नका असेच ती सांगते. आमच्या ओळखीच्या एका बाईने शिबिरासाठी गोळ्या मनानेच बंद केल्या आणि चौथ्या दिवशी तिला घरी आणावे लागले. जायचेच असेल तर अर्जात आजार आणि औषधे खरी लिहावीत आणि आपल्या डॉक्टरांना विचारून जावे.

ऑफिसात कळले तर? ही भीती माझ्या वहीत चार वेळा आहे. रजेच्या अर्जाला दाखला जोडताना हात अडखळला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि कलम २१ प्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरायचे आहे. मी शेवटी हेडक्लार्क साहेबांना स्वतःच सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, त्या डॉक्टरांचा वार कोणता? आमच्या घरून एकदा नेऊन आणतो."

मुलीचा प्रवेश शेवटच्या दिवशी झाला. त्या चार दिवसांत मी बरी झाले नव्हते, गोळीला गुण यायला अजून महिना होता. पैसे भरायला पुण्याला हेच गेले. मी गेले असते तर फाटकावरून परत आणले असते. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. फोन बुधवारी आणि रविवारी, रात्री नऊला. गेल्या बुधवारी तिची वॉर्डात ड्यूटी लागली आणि फोन दहा पस्तीसला आला. मधल्या दीड तासात मी दोनदा फोन हातात घेतला, एकदा नंबर लावून कापला, आणि मग वहीत लिहिले. माझी गोळी अजून चालू आहे, मात्रा निम्म्यावर आली आहे. पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे, आणि या वेळी देवपुरातल्या दोघी माझ्याबरोबर रिक्षाने येणार आहेत.